सतरा नकारांची शिकवणी

पँटच्या एकाच पायावर इस्त्रीच्या दोन रेघा पडल्या, तर माणूस पहिल्यांदा समजतो की चूक झाली. दुसऱ्यांदा समजतो की फॅशन आली असेल. खिडकीकाका मुळातच समजूतदार, म्हणून त्यांनी अकरा महिने तशाच पँटी घातल्या. बाराव्या महिन्यात सुनेनं विचारलं, बाबा, चालताना कुठल्या रेघेच्या दिशेनं जायचं हे तुम्ही कसं ठरवता? तेव्हा ते पँट काखेत मारून लाँड्रीत तक्रार घेऊन आले.

काउंटरवर चिमटी होती. वय सतरा, शाळा नुकतीच संपलेली, आणि बाहीला कायम कपड्यांचे दोन चिमटे लावलेले, म्हणून हे नाव. लाँड्रीत तिच्याकडे मोजणीचं खातं होतं. जवळच्या हॉटेलातून रोज गाडीभर चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल यायचे, ते येताना मोजायचे आणि जाताना मोजायचे. मोजण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बोलण्यात मात्र आनंद होता. घरात तोंडाचा पट्टा सुरू असायचा, पण काउंटरच्या पलीकडे अनोळखी मोठं माणूस दिसलं की बाईसाहेबांची दातखिळी बसायची. काकांनी पँट दाखवली. चिमटीनं पँटकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि आत जाऊन दादाला घेऊन आली.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. सकाळी हॉटेलची गाडी चालवायचा, दुपारी इस्त्री करायचा. त्यानं पँट उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "चूक नाही ही. मुद्दाम पाडल्यात."

काकांना खुर्ची नव्हती, म्हणून ते कपड्यांच्या गाठोड्यावर बसले.

मग दादानं इस्त्री खाली न ठेवता सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्याला कॉलेजात प्रवेश मिळाला होता. यादीत नाव होतं. कागद घेऊन प्रवेशाच्या खिडकीवर जायचं तेवढं बाकी होतं. तो गेला. खिडकीत काका बसले होते. शाळेच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट होता. काका म्हणाले, उद्या या. दुसऱ्या दिवशी बाबांची पाठ धरली, गाडी दादानं न्यायची वेळ आली. परवा सुट्टी होती. तेरवा यादीतलं नाव गेलं आणि दादा कायमचा गाडीवर आला.

"तुम्ही पेन्सिलीला टोक करत होता," दादा म्हणाला. "छान आलं होतं टोक."

काकांनी आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण निवृत्त होईपर्यंत त्या खिडकीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती आणि इतक्या जणांना उद्या बोलावलं होतं, की ते सगळे खरोखर एकाच उद्याला आले असते तर शहराची वाहतूक बंद पडली असती. चेहरा आठवेना. शेवटी ते म्हणाले, "पण तुम्ही उद्या आलाच नाहीत."

"तुम्ही नाही म्हणालात ना."

"नाही कुठे म्हटलं? उद्या या म्हटलं. म्हणजे मला आत्ता जेवायला जायचंय."

दादानं इस्त्री खाली ठेवली. धुण्याचं यंत्र तेवढं गरगरत होतं. या घराला दोन वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं, की नकाराच्या पोटात नुसती भूक असू शकते. त्यांच्याकडे नाही म्हणजे नाही. 'उद्या या' म्हणजेसुद्धा नाही, फक्त सभ्य माणसाचं.

तसा या घराचा खिडक्यांपुढचा इतिहास फार उज्ज्वल नव्हताच. बाबा एकदा विजेच्या कार्यालयात नाव दुरुस्त करायला गेले आणि पत्ताही चुकवून आले. आईनं पोस्टातून दुसऱ्याच कुणाचं पार्सल आणलं होतं, कारण पलीकडच्या माणसानं ते पुढे सरकवलं आणि 'हे माझं नव्हे' म्हणायचा तिला धीर झाला नाही. पार्सलात बदकाच्या आकाराचा दिवा निघाला. तो घरात अजून आहे. उजेड बरा पडतो.

काका गाठोड्यावरून उठले ते पँटचं विसरूनच. जाता जाता त्यांनी चिमटीकडे बोट करून विचारलं, हिचं काय? तेव्हा कळलं की हिचंही यादीत नाव आलंय, त्याच कॉलेजात. पुढच्या शुक्रवारी चारच्या आत खिडकीवर जाऊन प्रवेश पक्का करायचा. नाही केला तर जागा पुढच्या मुलाला. बाबांनी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं की जाऊन काय उपयोग, तिथे बोलणार कोण. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

"नऊ दिवस आहेत," काका म्हणाले. "उद्यापासून मी येतो."

आणि ते खरंच उद्या आले. एकतीस वर्षांत बहुधा पहिलेच.

लाँड्रीच्या काउंटरला कपडे द्यायची एक चौकोनी खिडकी होती. काका आतल्या बाजूला बसले, चिमटीला बाहेर उभं केलं आणि सांगितलं, मी म्हणजे मीच. तू म्हणजे तू. कर प्रवेश पक्का. चिमटी कागद घेऊन पुढे आली. काका मान वर न करता म्हणाले, "हं." चिमटी म्हणाली, "बरं," आणि घरात निघून गेली.

अकरा सेकंद झाले होते. काकांनी अजून नकार दिलाच नव्हता.

पण गडी चिकाटीचा. त्यांनी वहीत सतरा नकार नंबर घालून लिहून आणले होते. सगळे स्वतः वापरलेले, खात्रीचे. एक नंबर, उद्या या. दोन, साहेब जेवायला गेलेत. तीन, ही खिडकी नाही, पलीकडची. चार, पलीकडच्या खिडकीनं पाठवलं असेल तर तिथेच विचारा. सात नंबरला फोटोत कान दिसत नव्हते. नऊला फोटोत कानच फार दिसत होते. बारा, यंत्र बंद आहे. तेरा, यंत्र आत्ताच सुरू झालंय, जरा तापू दे. सतरावा सगळ्यांत घातक होता, आणि त्यात शब्दच नव्हते. नुसता एक सुस्कारा टाकायचा आणि कागद दोन बोटांनी हळूच परत सरकवायचा. सतराव्यापुढे टिकलेला विद्यार्थी काकांनी एकतीस वर्षांत एकदाच पाहिला होता, आणि तो झोपला होता.

उतारा मात्र साधा होता. खिडकी सोडायची नाही. मागच्याला जागा द्यायला अर्धं पाऊल बाजूला व्हायचं, पण कोपर फळीवर राहिलं पाहिजे. कोपर गेलं की सगळं गेलं. आवाज चढवायचा नाही. रडायचं तर मुळीच नाही. "रडणाऱ्यांचं काम मी नेहमी शेवटी करायचो," काका म्हणाले, "कागद भिजतात." आणि नकार आला की चार प्रश्न विचारायचे. कोणता कागद कमी आहे? कोणाला भेटू? किती वाजता? एवढं लिहून देता का? चौथा प्रश्न ऐकला की पलीकडचा माणूस चुळबुळ करतो, कारण लिहिलेलं नाकारता येत नाही, आणि लिहिण्यापेक्षा काम करून टाकणं सोपं असतं.

अडचण एवढीच झाली की काका खिडकीत बसले की त्यांना राहवायचं नाही. गिऱ्हाईक कोट न्यायला आलं, काकांनी त्याला दोन नंबर दिला. तो बिचारा साहेब जेवून येण्याची वाट बघत तासभर बाकावर बसला. लाँड्रीत साहेब कोण, हे त्याला विचारावंसं वाटलं नाही, आणि काकांनाही. शेवटी आईनं आतून येऊन सुनावलं, "काका, तुम्ही शिकवा हो पोरीला. पण आमची गिऱ्हाइकं सोडून."

चौथ्या दिवशी गॅरेजवाल्याची जुळी मुलं आली. त्यांचीही नावं यादीत होती आणि त्यांच्याही घरात बोलणारं कुणी नव्हतं. मागोमाग शिंपीणबाईंची मुलगी आली. चार मुलं झाली म्हणून रांग झाली, आणि रांग दिसली म्हणून माणसं उभी राहायला लागली. एक म्हातारे गृहस्थ चाळीस मिनिटं उभे राहिले, त्यांचा नंबर आल्यावर काकांनी सवयीनं त्यांना चार नंबर दिला, आणि ते आभार मानून घरी गेले. कशासाठी उभे होते ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण एकूण अनुभव ओळखीचा वाटला असावा.

चिमटी रोज हरत होती, पण रोज थोडी उशिरा. दुसऱ्या दिवशी ती तीन नंबरपर्यंत टिकली. पाचव्या दिवशी नवापर्यंत. सातव्या नंबरला ती म्हणाली, कान केसांखाली आहेत, हवे तर आत्ता दाखवते. काकांनी पेन्सिल खाली ठेवली आणि वहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. दादा या सगळ्यात नसायचा. तो मागे इस्त्री करत राहायचा, पाठ करून. पण काका नकार देऊन थांबले की त्याची इस्त्रीही थांबायची, आणि चिमटीनं उत्तर दिलं की पुन्हा सुरू व्हायची. त्या आठवड्यात तीन शर्ट जळले.

आठव्या दिवशी चिमटीनं सतराच्या सतरा पार केले. सुस्काऱ्यालासुद्धा तिनं सुस्कारा टाकून कागद परत सरकवला. हरायची वेळ आली तेव्हा काकांनी वहीत नसलेलं केलं, खिडकीचं शटरच खाली ओढलं. मग शटरच्या फटीतून एक कागद हळूच आत आला, आणि त्यामागून आवाज, "पोचला का काका? मग तेवढं लिहून द्या."

काकांनी डोळे पुसले आणि वाफ फार झालीय म्हणाले. यंत्र तेव्हा बंद होतं.

शुक्रवारी दादानं तिला हॉटेलच्या गाडीतून नेलं. मांडीवर फाइल, फाइलमध्ये प्रत्येक कागदाच्या चार प्रती, आणि प्रतींच्याही प्रती. गाडी त्यानं कॉलेजच्या फाटकाबाहेर लावली. चिमटी म्हणाली, आत चल ना. दादा म्हणाला, आत माझं काही काम नाही, मी इथेच आहे. आणि आरसा पुसायला लागला, जो स्वच्छ होता.

तिच्या विषयाच्या रांगेत चिमटीच्या पुढे अकरा जण होते. एकेक जण पटापट जात होता, हसत परत येत होता. हे काही तिला बरं लक्षण वाटलं नाही. तिचा नंबर आला. तिनं आधी कोपर ठेवलं, मग फाइल. खिडकीत विशीतला एक तरुण कारकून होता. त्यानं कागद पाहिले, दोन ठिकाणी शिक्का मारला, मान वर करून चक्क हसला आणि म्हणाला, "झालं तुमचं, ताई. अभिनंदन."

दीड मिनिट.

चिमटीनं कोपर आणखी घट्ट रोवलं. हा अठरावा होता. काकांनी याबद्दल अक्षरही सांगितलं नव्हतं.

"कोणता कागद कमी आहे?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. सगळं बरोबर आहे."

"फोटोत कान दिसतायत?"

कारकुनानं फोटो पाहिला. "छान दिसतायत," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो याचा विचार करत राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, अहो ताई, झालं ना, सरका की. चिमटी अर्धं पाऊल सरकली. कोपर तिथंच. पुढच्या मुलाचं काम होईपर्यंत ती तशीच उभी राहिली आणि मग पुन्हा तोंड घातलं. माणूस एवढं गोड बोलतो म्हणजे नक्की काहीतरी लपवतो, अशी तिची आठ दिवसांच्या शिक्षणानं खात्री झाली होती.

"आता कोणाला भेटू?" दुसरा प्रश्न.

"कुणाला नाही. घरी जा, पेढे..." कारकून थांबला. "नाही म्हणजे, विभागातून विषयाची सही तुम्ही घेतली असेलच."

"कसली सही?"

"दुसऱ्या मजल्यावर. यंदापासून आहे. सूचना लावलीय ना फलकावर." त्यानं बोट दाखवलं. तिथे एक लोखंडी कपाट होतं. फलक कपाटामागे होता. "आज चारपर्यंत," तो म्हणाला.

"नाही घेतली तर?"

"मग जागा राहत नाही," कारकून म्हणाला, अभिनंदन म्हणाला होता त्याच गोड आवाजात. त्याला वाईट वाटत होतं असंही नाही आणि नव्हतं असंही नाही. त्याला कुणी तोवर विचारलंच नव्हतं.

घड्याळात तीन वीस झाले होते. आधीचे अकरा जण हसत हसत घरी गेले होते. चिमटीनं मागे वळून रांगेकडे पाहिलं. जुळे होते, शिंपीणबाईंची मुलगी होती, आणखी वीस-पंचवीस अनोळखी चेहरे होते, काहींच्या आया, काहींचे मामा. अनोळखी माणसांसमोर आयुष्यात पहिल्यांदा तिनं घरातला आवाज काढला.

"इथं झालं म्हणजे झालं नाही. दुसऱ्या मजल्यावर सही लागते, चारच्या आत. आणि आधीचे अकरा जण गेलेत, कुणाच्या ओळखीचे असतील तर फोन करा."

जिन्यावर पळताना तिला एकदम आठवलं की कोपर खिडकीवरून निघालंय. पण आता इलाज नव्हता.

दुसऱ्या मजल्यावर सगळं सुशेगाद, निवांत चाललं होतं. रांगेत चौघंच होती, नीटनेटकी, सगळ्यांचे आईवडील सोबत. ज्यांच्या घरात कुणीतरी आधी कॉलेज केलेलं असतं त्यांना कपाटामागचं वाचता येतं. चिमटीचा नंबर आला तेव्हा पावणेचार झाले होते. टेबलामागे विभागाच्या मॅडम बसल्या होत्या, केस पांढरे, चष्मा नाकावर. त्यांनी अर्ज पाहिला. विषयाच्या रकान्यात 'संख्याशास्त्र' असं काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं. काकांचं कारण सरळ होतं, तिथे सगळ्यांत कमी अर्ज येतात, म्हणजे रांग लहान.

मॅडमनी विचारलं, "हाच विषय का?"

चिमटीनं शाळेचा दाखला पुढे केला.

"तो नको. हाच विषय का घेतेस?"

चिमटीनं पत्त्याचा दाखला दिला. मग गुणपत्रक, मग गुणपत्रकाची प्रत, मग प्रतीची प्रत. टेबलावर ढीग झाला. मॅडमनी तो हळूच बाजूला केला आणि सांगितलं, दर वर्षी माझ्याकडे चाळीस मुलं येतात आणि परीक्षेपर्यंत नऊ उरतात. बाकीची जागा रिकामी दिसली म्हणून आलेली असतात, पहिल्या महिन्यातच हरवतात, आणि हरवली की कुणी शोधायला जात नाही. म्हणून यंदा मी प्रत्येकाला विचारतेय. खरं कारण सांगितलं की सही. नाही सांगितलं तर नाही.

हा नकार कुठल्याच नंबरात बसत नव्हता. चिमटीनं जवळ होती ती सगळी शस्त्रं बाहेर काढली.

"कोणतं कारण आणू? कोणाकडून? किती वाजेपर्यंत? एवढं लिहून देता का?"

मॅडमनी चष्मा काढला. "कारण आणायचं नसतं गं. असलं तर असतं."

खिडकीकाकांनी आठ दिवसांत सगळं शिकवलं होतं, फक्त हे विचारायचं राहून गेलं होतं की बाई, तुला शिकायचंय काय. घरातही कुणी विचारलं नव्हतं. सगळे खिडकीतून आत कसं शिरायचं याच विवंचनेत, आत शिरून काय करायचं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. चिमटीचीही तीच गत. मागे जिन्यावर धावत्या पावलांचा आवाज यायला लागला होता. दहा मिनिटं उरली होती. भीती वाटली की ती मोजायला लागायची, तशी लागली. फरशा चोवीस, त्यातल्या तीन फुटक्या.

"तीनही फुटक्या दाराजवळ आहेत," ती पुटपुटली.

"काय?"

"फरशा. दाराजवळच का फुटल्यात?" मग तिचं तिलाच कळलं की तोंड उघडलंय, आणि उघडलंच आहे तर राहू द्यावं. "मॅडम, आमची लाँड्री आहे. हॉटेलचे टॉवेल मी मोजते. दर मंगळवारी एक कमी भरतो."

"दर?"

"सव्वीस मंगळवार झाले. एकोणीस वेळा कमी. बाकीचे वार सगळे मिळून सहा महिन्यांत चारदा. आई म्हणते योगायोग. बाबा म्हणतात चोर. हॉटेलवाले म्हणतात तुमच्या पोरीला मोजता येत नाही." तिचा आवाज चढला. "मला मोजता येतं. पण मोजून झालं की पुढे काय करायचं, ते येत नाही. किती झाले म्हणजे योगायोग संपतो आणि चोर सुरू होतो, ते कुणाला विचारायचं ते कळत नाही."

मॅडमनी तिच्या प्रतीच्या प्रतीची मागची बाजू पुढे ओढली आणि पेन उघडलं. एकोणीस, सव्वीस, चार, असं लिहिलं. थोडा वेळ त्याकडे पाहिलं. मग विचारलं, उरलेल्या सात मंगळवारी काय वेगळं होतं, याची नोंद आहे का?

"त्या सातही दिवशी पाऊस होता," चिमटी म्हणाली.

मॅडमनी 'पाऊस' असा शब्द लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. मग अर्ज ओढून सही केली आणि चिमटीनं काही म्हणायच्या आत तारीख, वेळ, शिक्का घालून पोचही लिहून दिली. "सोमवारी आठ वाजता पहिला तास," त्या म्हणाल्या. "सहा महिने फार नाहीत. मोजत राहा. हरवलीस तर लाँड्रीत शोधायला येईन, पत्ता आहे माझ्याकडे. चार प्रती आहेत."

ती बाहेर आली तेव्हा रांग जिन्यापर्यंत गेली होती. घरी गेलेल्या अकरांपैकी सात परत आले होते, एकाच्या पायात घरातल्या सपाता होत्या. जुळ्यांनी तिला पकडून कानात विचारलं, आत काय विचारतात? चिमटी म्हणाली, खरं कारण. दोघांची पाचावर धारण बसली. धाकटा थोरल्याकडे बोट करून म्हणाला, माझं कारण हा आहे. थोरला उलट बोट करून म्हणाला, आणि माझं हा. चिमटीनं सांगितलं की असलं तेच सांगा, निदान वेगळं तरी आहे. तेवढ्यात मॅडमनी दारातून डोकं बाहेर काढून रांगेतली डोकी मोजली आणि जाहीर केलं की आत्ता जे उभे आहेत त्या सगळ्यांचं होईल, चार वाजोत नाहीतर सहा.

जिन्यावरून दादा वर येत होता. चारला पाच कमी असताना तो फाटकातून आत आला होता, दोन वर्षांनी, आणि चुकून सगळ्या मजल्यांवर जाऊन आला होता. त्याला धाप लागली होती. तो म्हणाला, काकांचे चार फोन आले, दर वेळी एकच विचारतात, खिडकी सोडली का. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला.

"झालं?"

चिमटीनं पोच दाखवली. दादानं ती वाचली, उलटी करून पाहिली, पुन्हा वाचली. शिक्का ठसठशीत होता. त्यावर त्यानं अंगठा फिरवला आणि मग तिच्या डोक्यात टपली मारली, जरा जोरातच. दोघं जिन्याच्या पायरीवर बसली आणि चिमटीनं त्याला सगळं सांगितलं, गोड कारकून, कपाट, कारण, टॉवेल. टॉवेलपर्यंत दादा हसत होता.

"मंगळवारी?" त्यानं विचारलं.

"हो."

"पाऊस नसेल तेव्हाच?"

"हो. का रे?"

दादा समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मग खाली मान घालून सांगितलं, की मंगळवारी तो गाडी धुतो. काच पुसायला हाताशी काही नसतं. सगळ्यांत वरचा टॉवेल घेतो. पाऊस असला की गाडी धुवायची नसते. एकोणीसही टॉवेल सीटखाली आहेत, काळेकुट्ट. धुऊन परत ठेवायचे होते.

"लाँड्रीत राहतोस आणि एकोणीस टॉवेल धुवायला वेळ मिळाला नाही?"

"आई बघेल म्हणून राहिले."

चिमटीनं थोडा विचार केला. आईला कळलं तर काय होईल हा एक भाग होता, पण तो नंतरचा. सोमवारी आठ वाजता तिला एका वर्गात जायचं होतं, तिथे मॅडम विचारणार होत्या, आणि सव्वीस आठवड्यांची मेहनत या माणसाच्या एका कबुलीजबाबानं धुळीला मिळत होती. शिवाय बाकीच्या वारांचे चार कुठे गेले, ते होतंच.

"ते चार मी नाही," दादा घाईनं म्हणाला.

"मग नीट ऐक. हे कुणाला सांगायचं नाही, आणि लगेच थांबायचंही नाही. मधेच बंद केलंस तर आकडे बिघडतील."

दादानं गंभीरपणे मान हलवली. मग थोड्या वेळानं, काम अंगावर घेतलेल्या माणसाच्या जबाबदारीनं विचारलं, की टॉवेल मोठा घ्यायचा की छोटा.

"आजवर घ्यायचास तोच," चिमटी म्हणाली. "आणि मंगळवारच. मी वर्गात विचारून तुला सांगते, अजून किती लागतील."